नकाशात शनिवारवाडा कुठंय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की पुण्यात बाहेरून आलेल्या लोकांचं जगणं समजून घ्यायचं तर नुसते फॉर्म भरून भागत नाही, त्यांच्यासोबत बसून चित्रं, नकाशे, शिवणकाम, नाटक, फोटो असं काहीतरी मिळून करावं, आणि त्यातून जे कळतं तेही संशोधनच असतं. त्यावर भरपूर मेल आले, काही चांगले, काही खरमरीत. सगळे छापता येणार नाहीत, निवडक घेतेय.

प्रश्न : ताई, मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय. डिझर्टेशनसाठी म्हाळुंगेकडच्या एका बांधकाम साइटवरच्या लेबर कॅम्पमधल्या बायका हा विषय घेतलाय. त्यांच्याबरोबर पुण्याचा नकाशा काढायचा आणि जमलं तर जुन्या साड्यांची एक गोधडी शिवायची, प्रत्येकीचा इथवरचा प्रवास त्यात येईल, असं डोक्यात आहे. पण आमचे गाइड म्हणतात हा छंदवर्ग झाला, यात डेटा कुठाय? काय सांगू त्यांना?
– विद्यार्थिनी, औंध

उत्तर : आधी गाइडशी भांडू नकोस, कारण त्यांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त सूर चुकलाय. डेटा कुठाय याचं उत्तर तुझ्याकडे पाहिजेच, नाहीतर खरंच छंदवर्ग होतो.

पहिलं म्हणजे हे काही काल निघालेलं फॅड नाही हे सांग. केव्हिन लिंच नावाच्या नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना आपापल्या शहराचे नकाशे आठवून काढायला लावले होते आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं, आज प्लॅनिंग शिकणारी पोरं ते वाचतात. १९९० च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले, त्या बायकांनी आपल्या रोजच्या आयुष्याचे फोटो काढले, मग गटात बसून त्यावर बोलल्या आणि तेच फोटो अधिकाऱ्यांसमोर ठेवले गेले. फोटोव्हॉइस म्हणतात ती पद्धत इथून आली. आणि गाइड पुण्याचेच असतील तर त्यांना घरचं उदाहरण दे, गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर. या दोघांनी इथे पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त आहेत त्या, आणि आता पारी या ऑनलाइन संग्रहात कुणालाही वाचता-ऐकता येतात. बाईला समोर बसवून ‘सासरी कसं वाटतं’ विचारलं तर ती ‘बरंय’ म्हणेल. जात्यावर बसली की माहेराबद्दल, भावाबद्दल, नशिबाबद्दल जे येतं ते कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसणार होतं? आणि लग्न होऊन गाव सोडणं हे पण स्थलांतरच की.

आता डेटा. नकाशा हा डेटा आहेच पण खरा माल नकाशा काढताना चाललेल्या बोलण्यात असतो. कुणी काय आधी काढलं, काय खोडलं, शेजारणीने ‘अगं ते तिथं नाही, गेटच्या अलीकडं’ म्हणून कशी दुरुस्ती केली, कुठल्या ठिकाणी सगळ्या हसल्या, कुठल्या ठिकाणी गप्प झाल्या. हे सगळं लिहून ठेव, परवानगी असेल तर रेकॉर्ड कर. मी ज्या ज्या गटांत बसलेय त्यात कुणीही शनिवारवाडा काढलेला मला आठवत नाही, लक्ष्मी रोडही क्वचितच. पाण्याचा टँकर थांबतो ती जागा असते, उधारी देणारा किराणावाला असतो, मुकादमाची खोली असते, बुधवारचा नाहीतर रविवारचा बाजार असतो. आणि पुणे स्टेशन हमखास असतं, आणि बऱ्याचदा कागदाच्या पार मध्यभागी, मग कॅम्प शहराच्या कुठल्या का टोकाला असेना. आपल्याला वाटतं ही माणसं ‘पुण्यात’ राहतात. त्यांचं पुणे म्हणजे एक कॅम्प, एक बाजार आणि गावाकडे जाणारी गाडी जिथून सुटते ते ठिकाण. ही गोष्ट ‘आपण शहरात किती समाधानी आहात, एक ते पाच’ या प्रश्नातून बाहेर आली असती का, विचार तुझ्या गाइडना, पण नम्रपणे.

थोडं प्रॅक्टिकल. कागद-स्केचपेन दिले की अर्ध्या बायका म्हणतात आम्हाला नाही येत बाई, आम्ही शाळेत गेलो नाही. हा नखरा नसतो, कागद म्हणजे शाळा आणि ऑफिस आणि अंगठा, त्याची भीतीच असते. त्यापेक्षा जमिनीवर रांगोळीने काढा. आपल्याकडे खेडोपाडी लोकसहभागाने नियोजन करणाऱ्यांनी हे ८०-९० च्या दशकापासून केलंय, रांगोळी, खडे, पानं, डाळीचे दाणे, जे हाताशी असेल ते. चुकलं की हाताने पुसता येतं, आणि सगळ्या भोवती उकिडव्या बसतात म्हणून एकटीवर दडपण येत नाही. शेवटी वरून फोटो घ्यायचा.

गोधडीचं म्हणशील तर कल्पना छान आहे, पण वेळेचा हिशेब कर. हाताने धावदोरा घालत एक अख्खी गोधडी व्हायला खूप दिवस जातात, आणि या बायका सकाळी स्वयंपाक करून साइटवर, संध्याकाळी परत स्वयंपाक, सुट्टी आठवड्यातून एक तीही कधी कधी. त्यामुळे अख्खी गोधडी नको, प्रत्येकीचा एकेक हातरुमालाएवढा तुकडा कर, नंतर जोडता येतो. चिलीत पिनोशेच्या हुकूमशाहीत बायका असेच चिंध्यांचे छोटे छोटे तुकडे शिवायच्या, त्यात पोलिसांनी उचलून नेलेली आपली माणसं असायची आणि ते तुकडे देशाबाहेर पाठवले जायचे. म्हणजे कापडाचा तुकडा साक्ष देऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. शिवताना नजर सुईवर असते, समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही, त्यामुळे उचल किती घेतली होती, कुणाचं बाळ वाटेत गेलं, हे निघतं. आणि म्हणूनच जपून. निघालेलं सगळं थिसिसमध्ये गेलंच पाहिजे असं नाही. शेवटी बसून विचारायचं, यातलं काय लिहू आणि काय नको, आणि नको म्हटलेलं खरंच लिहायचं नाही, कितीही भारी क्वोट असला तरी.

गाइडना एक सुचव, मेथडॉलॉजीच्या प्रकरणात तू स्वतः लिहिशील की यातून काय कळत नाही. किती बायका, सरासरी मजुरी किती, हे यातून कळणार नाही. ते मान्य केलंस की ते निम्मे शांत होतील.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आपला लेख वाचला. मी निवृत्त सरकारी अधिकारी आहे, वय ७६. आमच्या काळी संशोधन म्हणजे सर्वेक्षण असे. अर्थशास्त्रज्ञ प्रा. धनंजयराव गाडगीळांनी याच पुण्याचे घरोघर जाऊन सर्वेक्षण केले, त्याला म्हणतात अभ्यास. आता बाहेरून लोंढे येत आहेत, शहराची वाट लागली आहे, नेमके किती आले हे कोणी सांगत नाही आणि तुम्ही त्यांच्याकडून चित्रे काढून घेता. याने कोणता प्रश्न सुटणार?
– एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : काका, नमस्कार. गाडगीळांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, गोखले इन्स्टिट्यूटचं ते काम १९४५ साली छापून आलं आणि आजही कुणी पुण्याच्या अर्थकारणावर लिहायला बसलं की तिथूनच सुरुवात करावी लागते. सर्वेक्षण नकोच असं मी कुठं म्हटलंय. किती आले हे चित्रातून कळणार नाही, ते मोजूनच कळतं.

पण मोजणाऱ्यांची पण एक गंमत आहे बघा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले, आणि त्यात सगळ्यात मोठा गट कुठला, तर लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या बायका. म्हणजे काकू दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आल्या असतील तर त्या सुद्धा त्या लोंढ्यातच धरल्यात. उलट जो माणूस दिवाळी झाली की येतो आणि पाऊस लागला की पेरणीला परत जातो तो जनगणनेवाल्यांच्या हाती नीट लागतच नाही, मोजणीवाला आला त्या दिवशी हा कुठल्या पत्र्याच्या खोलीत होता कुणाला माहीत. म्हणून तर २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारच्या लोकांनी रेल्वेच्या प्रवाशांच्या आकड्यांवरून अंदाज बांधला की कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दरवर्षी साधारण ९० लाख लोक जात असावेत. लोक मोजायला तिकिटं मोजावी लागली. आकड्यालाच तो दिसत नाही तर मग त्याच्या शेजारी बसून ‘तुझं वर्ष काढून दाखव, कुठल्या महिन्यात कुठं असतोस’ असं म्हणणं एवढं वाईट आहे का? एक गोल, बारा महिने, त्यात तो स्वतः भरतो, इथं सेंटरिंगचं काम, इथं गावी सोयाबीन, इथं ऊसतोड. असे गोल बघितल्यावर तुमच्यासारख्या अधिकाऱ्याला सर्वेक्षण कुठल्या महिन्यात करायचं हे तरी कळेल.

आणि काका राग मानू नका, पण तुम्ही सहकारनगरमधून लिहिताय म्हणून विचारते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं गेली आणि माणसं गोखलेनगर, सहकारनगर असल्या तेव्हाच्या गावाबाहेरच्या जागी जाऊन राहिली. तुमच्या आसपास अशी घरं असतील, कदाचित तुमचंच असेल. त्या पूरग्रस्तांना सुद्धा नव्या जागी पहिली काही वर्षं कसं वाटलं असेल, शहरापासून तुटल्यासारखं? ती पिढी आता थकली. तुम्ही ७६ चे म्हणजे पूर आला तेव्हा दहा-बारा वर्षांचे. तुमच्या जुन्या घराचा नकाशा आठवून काढून ठेवा, ओसरी, हौद, गल्ली, कुणाचं दुकान कुठं, आणि नातवंडांना दाखवून समजवा. मनापासून सांगतेय, टोमणा नाही. आला तर आम्ही छापू.

प्रश्न : ताई मी घरकाम करते, चार घरं आहेत. आम्ही लातूरकडचे, सासू-सासरे बहात्तरच्या दुष्काळात आले तेव्हापासून पर्वतीच्या पायथ्याला. दोन-तीन वर्षांमागं एक संस्थेची माणसं वस्तीत यायची, आमच्याकडून चित्रं काढून घेतली, गाणी म्हणून घेतली, फोटो काढले. चांगलं वाटलं तेव्हा. नंतर माझ्या मुलीच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की माझा फोटो मोठ्या बॅनरवर लागलाय कुठल्या कार्यक्रमात, खाली इंग्लिशमध्ये काहीतरी लिहिलेलं. मला कुणी विचारलं नाही, बोलावलं पण नाही. आता परत कुणीतरी येणार म्हणतात. येऊ द्यावं का?
– वाचक, जनता वसाहत

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर हा सगळा अंक तुमच्या पत्रासाठी काढायला हवा होता.

येऊ द्यायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, नाही म्हटलं तरी कुणी काही बिघडवू शकत नाही, रेशन बंद होत नाही की कुठली योजना बंद होत नाही. तसं कुणी सुचवलं तर तिथेच उठायचं.

येऊ द्यायचं ठरवलं तर त्यांनी रंगांचा पहिला डबा उघडायच्या आधी तुम्ही विचारायचं. हे पैसे कुणाचे आहेत, तुम्हाला पगार मिळतो ना, मग आमच्या वेळेचे काय? एका घरचं काम बुडालं तर तेवढे पैसे भरून द्यायला हवेत, आणि हे मागण्यात लाज कसली, चहा-बिस्किटं म्हणजे मोबदला नव्हे. ज्याला ‘सोबत मिळून केलेलं काम’ म्हणायचंय त्याने सोबत्याचा खाडा भरून दिला पाहिजे, नाहीतर मग नुसतं ‘माहिती घेतली’ म्हणावं. हे मी विद्यापीठातल्या लोकांनाही तोंडावर सांगते आणि त्यांच्या बजेटमध्ये प्रिंटिंगला पैसे असतात, कॅमेऱ्याला असतात, याला नसतात.

मग विचारायचं की फोटो कुठे कुठे लागणार. कागदावर सही मागतील, तर कागद मराठीत वाचून दाखवायला सांगा, मुलीला बरोबर बसवा. ‘फोटो घेऊ का’ आणि ‘फोटो बॅनरवर लावू का’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका सहीत दोन्ही उरकू देऊ नका. आज हो म्हटलं आणि महिन्याने नको वाटलं तर सांगायचं काढून टाका, तसं काढण्यासाठी कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. चित्र तुम्ही काढलं तर मूळ चित्र तुमच्याकडे राहील आणि ते फोटो काढून नेतील, उलटं नाही. आणि नाव घालायचं का हे पण तुम्हीच ठरवा. काही जणींना नाव नको असतं, पण काही जणींना हवं असतं, आणि ‘ओळख लपवली’ म्हणत त्यांचं गाणं बिननावाचं छापतात तेव्हा तेही वाईटच. ओव्यांच्या त्या कामात, ज्याबद्दल वर लिहिलंय, ओवी कुणी म्हटली आणि कुठल्या गावात, ते सोबत लिहिलेलं असतं. तसं पाहिजे.

जुन्या फोटोचं म्हणाल तर त्या संस्थेला मुलीकडून एक साधा मेसेज पाठवा, माझा फोटो न विचारता वापरलाय, काढा आणि माझ्या चित्रांच्या प्रती मला द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर धावत येतात.

तुमच्या सासूबाई आहेत का अजून? असतील तर बहात्तरच्या दुष्काळात कसं आलो हे त्यांच्याकडून तुम्हीच रेकॉर्ड करा, मुलीच्या मोबाइलवर. कुणी संस्था यायची वाट बघू नका.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या पोरांचा नाटकाचा ग्रुप आहे. पुण्यात भाड्याने खोली शोधताना लोकांना काय काय ऐकावं लागतं, गाव कुठलं, जात काय, खाता काय, यावर फोरम थिएटर करायचंय. लेबर कॅम्पमध्येच प्रयोग करावा का? आणि हे पथनाट्यापेक्षा वेगळं कसं?
– नाटकवाला, एरंडवणे

उत्तर : पथनाट्यात तुम्हाला उत्तर माहीत असतं आणि तुम्ही ते लोकांना सांगता. फोरममध्ये प्रसंग वाईट टोकाला नेऊन सोडायचा, मग परत सुरू करायचा आणि प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून उठून नायकाच्या जागी येऊन वेगळं करून बघतो. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलने हे रुजवलं, पुढे तो रिओमध्ये नगरसेवक झाला तेव्हा अशा प्रयोगांतून लोकांनी सुचवलेल्या गोष्टींचे कायदे करून घेतले. आपल्याकडे बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली जन संस्कृती ही संस्था खेड्यांमध्ये हे करतेय, त्यांचं काम बघाच.

आता तुमच्यासाठी. घरमालकाचं काम तुम्ही करा, भाडेकरूचं काम तुम्ही करू नका. सदाशिव पेठेत वाढलेल्या पोराने मजुराचा आवाज काढला की पाच मिनिटांत विनोद होतो आणि हसतात ते तुमचेच मित्र. प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांच्याबरोबर बसून बांधा, संवाद त्यांच्या तोंडचे ठेवा, हिंदी-मराठी-कन्नड मिसळलं तर मिसळू दे. आणि कॅम्पमध्ये, मुकादमासमोर, प्रयोग अजिबात नको. तुम्ही टेम्पोत बसून घरी जाणार, जो उठून बोलला त्याला उद्या सकाळी त्याच माणसाकडे हजेरी लावायचीय. खरं तर खोलीच्या विषयावरचा प्रयोग हाउसिंग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झाला पाहिजे, कमिटी मेंबर समोर बसवून. परवानगी मिळते का बघा, आणि नाही मिळाली तर ती पण तुमच्या संशोधनात नोंदवा, सेक्रेटरीने काय कारण दिलं त्यासकट.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात मराठीपेक्षा हिंदी, कन्नड आणि बंजारा बोलणारी मुलं जास्त. मुलांकडून ‘माझा रस्ता’ म्हणून मोबाइलवर फोटो काढून घ्यायचेत. चालेल ना?
– शिक्षिका, येरवडा

उत्तर : चालेल, मस्त चालेल, फक्त माणसांचे चेहरे नको आणि घराचा पत्ता कळेल असं काही नको. पालकांना आधी बोलवा, मोबाइल पालकांचाच असणार म्हणून ते येतीलच. फोटोखालचं वाक्य मूल ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ठेवा, देवनागरीत लिहून घ्या, मराठी नंतर. आणि फोटोंना नंबर देऊ नका, स्पर्धा केली की सगळे गणपती आणि सूर्यास्त काढतात.

प्रश्न : काम झाल्यावर प्रदर्शन कुठं लावायचं? बालगंधर्वचं कलादालन मिळेल असं वाटतंय.
– दोन मैत्रिणी, वारजे

उत्तर : लावा बालगंधर्वला, पण दुसरं. पहिलं कॅम्पवर, संध्याकाळी सातनंतर, स्वयंपाक उरकल्यावर, दोरीला चिमटे लावून. आणि वेळ काढू नका. स्लॅब पडले, प्लास्टर झालं की अख्खा कॅम्प दुसऱ्या साइटला हलतो, कधी चाकणला, कधी थेट हैदराबादला, आणि मग कलादालनाची तारीख मिळाली तरी उद्घाटनाला बोलवायला माणसं कुठून आणणार. म्हणून आजच सगळ्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा, मुकादमाचा नाही, त्यांचे स्वतःचे.